घेते की घेईन

"'घेते' म्हणालीस की 'घेईन'?" अँब्रोज थॉर्नलीने लेकीला तिसऱ्यांदा विचारलं.

"घेते," उर्सुला म्हणाली. "किती वेळा सांगू, बाबा?"

लडलो गावात हा फरक शेंबड्या पोरालाही कळत होता. 'घेईन' म्हणजे नुसता वायदा, तो मोडता येतो. पण हातात हात धरून दोघं 'घेते', 'घेतो' म्हणाली की लग्न लागलं. त्याला पाद्री लागत नाही. दोन साक्षीदारांनी ऐकलं असेल, तर मग ते कुणाच्या बापालाही मोडता येत नाही.

टिमथीने आणि तिने सफरचंदाच्या बागेत नेमकं तेच म्हटलं होतं. ऐकायला मात्र झाडंच होती, आणि टिमथी दुसऱ्या दिवशी आयर्लंडच्या लढाईवर गेला.

बापाने ठरवलेला नवरा, लोकरीचा व्यापारी क्रॉली, खुर्चीत पेंगत होता. दोन बायका पुरून झाल्या होत्या त्याच्या. हातमोजे काढून त्याने मांडीवर ठेवले होते. खिडकीशी चर्चचे दोन कारभारी बियर पीत बसले होते. भिंतीवरच्या पंचांगात आजच्या तारखेवर शाईची खूण होती. प्रेमाने तापलेलं रक्त काढायला दिवस चांगला आहे, न्हावी येईल, असं बाप सकाळीच म्हणाला होता. तेव्हापासून उर्सुला सारखी दाराकडे बघत होती.

"खरंच 'घेते' म्हणाली असशील, तर माझा इलाज नाही," बाप म्हणाला. "क्रॉलीसाहेबांना परत पाठवतो. पण आधी या दोघांची खात्री पटव. कसं म्हणालीस ते करून दाखव."

"कुणाबरोबर? टिमथी तर..."

"क्रॉलीसाहेब, त्याच्या जागी जरा उभे राहता का?"

म्हातारा कण्हत उठला. एवढ्या धास्तीतही उर्सुलाला हसू आलं. "यांना ऐकू तरी येतं का?"

"त्यांना कशाला यायला हवं? या दोघांना आलं की झालं."

तिने तो खरखरीत हात धरला आणि डोळे मिटून टिमथीला आठवलं. एक अक्षरही इकडचं तिकडे होऊन चालणार नव्हतं. सगळा जन्म त्यावर होता.

"मी तुला नवरा म्हणून घेते," ती स्पष्ट म्हणाली.

"बरं. आणि तो काय म्हणाला?"

उर्सुलाने तोंड उघडलं. पण तिच्या आधी क्रॉलीच बोलला, खणखणीत आवाजात.

"मी तुला बायको म्हणून घेतो."

"ऐकलंत ना दोघांनी?" बापाने खिडकीकडे वळून विचारलं.