पंधरा मिनिटांचं विमान

हेरंबने विमानातल्या खुर्चीचा पट्टा तिसऱ्यांदा घट्ट केला. शेजारी वृंदा खिडकीला नाक लावून बसली होती. सेशेल्समधल्या माहे बेटावर एकाच हॉटेलात दोघं चार वर्षं राबली, आणि आता तिची बदली प्रालँ बेटावर झाली होती. तिला पोहोचवायच्या निमित्ताने तो निघाला होता. अंतर जेमतेम पंचेचाळीस किलोमीटर, विमानाला पंधरा मिनिटं. चार वर्षं ओठांवर अडलेलं तेवढ्यात सांगायचं होतं.

विमान चिमुकलं, पण पंख्यांचा आवाज कानठळ्या बसवणारा. खाली निळं पाणी सरकू लागलं तेव्हा त्याने धीर करून विचारलं, "लग्न करशील माझ्याशी?"

"काय?" कानामागे हात धरत ती म्हणाली.

त्याने आणखी मोठ्याने विचारलं. ऐकू येत नाही, अशी तिने मान हलवली. तोवर नारळाची झाडं जवळ आली, चाकं टेकली, विमान थांबलं. आता नाही तर कधीच नाही, म्हणून त्याने छातीभर श्वास घेतला आणि तो ओरडला. नेमके त्याच क्षणी पंखे बंद झाले.

"लग्न करशील का माझ्याशी?" विमानभर घुमलं. मराठी इतर कुणालाच येत नव्हती, पण त्याचा लालबुंद चेहरा बघून मागच्या आजीबाई टाळ्या वाजवू लागल्या.

"करेन की," वृंदा म्हणाली. "पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं मला. पण पुन्हा ऐकावंसं वाटलं."

मग दोघांना हसू आवरेना. विमान रिकामं झालं तरी ती उठली नाहीत. शेवटी वैमानिकानेच मागे येऊन दोघांशी हात मिळवला आणि खाली उतरायची विनंती केली.