कुंपणाजवळचं झुडूप

डॉक्टरांनी फांदी उलटीपालटी करून पाहिली, एक लाल फळ नखाने फोडून हुंगलं आणि फांदी टेबलावर ठेवली.

"नाव काय या झुडपाचं?" त्यांनी विचारलं.

तिला कुठे माहीत होतं! भाड्याच्या घराच्या कुंपणाजवळ ते आधीपासूनच होतं. बाराही महिने हिरवंगार, आणि वर टपोऱ्या लाल फळांचे घोस. घर बघायला गेली तेव्हा ती त्या झुडपावरच भाळली होती. स्वयंपाकघर अंधारं आहे, असं नवरा कानीकपाळी ओरडत होता, पण तिने ऐकलं नाही. आज त्याच झुडपाची फळं तिच्या सव्वा वर्षाच्या मुलीच्या पोटात गेली होती. किती, तेही कळायला मार्ग नव्हता. एक तेवढं सासूबाईंनी मुलीच्या गालातून बोट घालून काढलं होतं.

"नाव कळल्याशिवाय मला काही देता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "शोधा. तोवर बाळाला माझ्या नजरेसमोरच बसू द्या."

ती फोन घेऊन तिथेच येरझाऱ्या घालायला लागली. घरमालक म्हणाला, "झुडूप? आपल्याकडे झुडूप आहे?" रोपवाटिकेवाला म्हणाला, "ताई, लाल फळं काय, निम्म्या झुडपांना येतात. फुलं आली की फोटो पाठवा." परगावी गेलेला नवरा सारखा 'कळलं का?' विचारून तिचा जीव खात होता. फोनमधल्या अॅपने एकाच फोटोला तीन नावं दिली. पहिली दोन झुडपं निरुपद्रवी होती. तिसऱ्याच्या नावापुढे कवटीचं चित्र होतं.

आणि सासूबाई? त्या नातीला मांडीवर घेऊन बाकावर ढिम्म बसल्या होत्या. एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर. वर तोंड चालू! लवंग चघळावी तशी जीभ गालातून फिरत होती. यांना अशा वेळी चघळायला सुचतं तरी कसं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. निघतानाही तेच. टॅक्सी दारात हॉर्न देत होती आणि या फांदी तोडायला म्हणून गेल्या त्या झुडपापाशीच रेंगाळल्या. एक फांदी तोडायला एवढा वेळ लागतो?

"आई, पाणी घ्या थोडं," ती कशीबशी म्हणाली.

सासूबाईंनी नुसती मान हलवली. मग तिला राहवलं नाही.

"तुम्ही होतात ना तिच्याजवळ? मग लक्ष कुठे होतं तुमचं?"

सासूबाईंनी नातीच्या जावळावरून हात फिरवला. बोलायला नको होतं, असं तिला वाटलं. पण शब्द तोंडातून गेला होता आणि माघार घ्यायची तिची तयारी नव्हती.

तिने फोन डॉक्टरांसमोर धरला. तिसरं नाव वाचून त्या खुर्चीत सरळ बसल्या.

"हे असेल तर आत्ताच्या आत्ता मोठ्या रुग्णालयात हलवावं लागेल. पण यावरचं औषध जालीम आहे, एवढ्याशा जिवाला नुसत्या संशयावर देता येत नाही." त्यांनी बाळाचे डोळे पाहिले, नाडी पाहिली. "या विषाने अर्ध्या तासात जीभ बधिर होते, घसा आवळतो. मोठं माणूस असतं तर विचारलं असतं. हिला कसं विचारणार?"

बाळाने डॉक्टरांचं नाक धरलं आणि "बा" म्हटलं. बापाला, बाहुलीला, बादलीला, सगळ्यांना ती बा-च म्हणायची. आईच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं.

"जीभ बधिर नाही," सासूबाई म्हणाल्या. "घसाही मोकळा आहे. तोंड तेवढं तुरट झालंय, कच्चं केळं खाल्ल्यासारखं. तासभर झाला की आता, पोटातसुद्धा काही नाही."

डॉक्टर त्यांच्याकडे बघतच राहिल्या. तीही बघत राहिली. सासूबाईंच्या नखांत लाल रंग होता. ओठांच्या कोपऱ्यातही होता.

"आई, तुम्ही..."

"मूठभर खाल्ली, टॅक्सी उभी होती तेव्हा," सासूबाई ओशाळून म्हणाल्या. "तिला सांगता येत नाही ना गं अजून, कुठे काय होतंय ते."