चौकटीतली अक्षरं

औरंगपुऱ्यात हिमानीचं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस होतं. दूर कुठल्याशा शहरातल्या एका सर्व्हरवर तिनं ब्राउझर बसवला होता. त्या सर्व्हरला ना पडदा, ना कीबोर्ड, ना माईक. ब्राउझर तिथं आपला आपणच गिऱ्हाइकाची साइट उघडायचा, पानाचा फोटो काढायचा आणि तिला पाठवायचा. साइट चालू आहे, एवढंच त्यातून कळायचं.

एका दुपारी आलेल्या फोटोत साइटवरची शोधाची चौकट रिकामी नव्हती. तिच्यात लिहिलं होतं, 'कोनी हाय का?'

सर्व्हरचा पासवर्ड दोघांनाच माहीत होता, तिला आणि तिच्याकडे कामाला असलेल्या सत्यमला. आणि ऑफिसात 'आहे'ला 'हाय' म्हणणारा, देवगाव रंगारी गावचा सत्यम एकटाच.

"सत्यम, ही कसली थट्टा?"

"आईची शपथ, ताई. मी नाय केलं."

तिचा विश्वास बसला नाही. तिनं लगेच पासवर्ड बदलला आणि त्याला सांगितला नाही. पुढच्या फोटोत चौकटीत होतं, 'बोला की.'

आता मात्र तिनं त्याचा लॅपटॉप मिटला, मोबाइल काढून घेतला. सत्यम समोर बसून राहिला, दोन्ही हात टेबलावर, डोळे भरलेले.

"खोटं बोलणारा माणूस मला नको," ती म्हणाली. पंख्याच्या घरघरीत तिचा आवाज तिलाच जेमतेम ऐकू आला. "उद्यापासून येऊ नकोस."

तेवढ्यात नवा फोटो आला.

'लेकराला काढू नका, बाई. त्यो खरं बोलतोय.'