लेहहून आलेल्या कॅसेटी

आबा फौजेत होते. पत्राऐवजी ते लेहहून कॅसेट भरून पाठवायचे. "अगं, म्हस व्याली का?" असं विचारून थोडं थांबायचे. इकडं पाटणच्या घरात आई भाकरी थापता थापता टेपकडं बघून उत्तर द्यायची, "व्याली की. रेडी झाली." मग आबा पुढं बोलायचे. मला लय हसू यायचं.

आता दोघंही नाहीत. रविवारी दुपारी, सांगलीच्या घरी, मी त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. आबांचा आवाज कुठं मोठा, कुठं अगदी बारीक. म्हणून सगळ्या फायलींचा आवाज सारखा करणारं सॉफ्टवेअर चालवलं आणि हेडफोन लावून बसलो.

"अगं, म्हस व्याली का?"

आबा थांबले. त्या शांततेतून टेपची खरखर वर आली. तिच्यामागून भाकरी थापल्याचा आवाज. मग आई.

"व्याली की. रेडी झाली."

कॅसेट लेहला भरलेली. आई तर कधी साताऱ्याच्या पुढं गेली नव्हती. तरी मी हेडफोन काढले नाहीत. सात वर्षांनी तिचा आवाज ऐकत होतो.

शेवटी आबांनी नेहमीचं विचारलं, "धना निजला का गं?"

आई दर वेळी "निजला" म्हणायची, आणि मी वाकळेत डोळे गच्च मिटून घ्यायचो.

या खेपेला भाकरी थापल्याचा आवाज थांबला.

"आवं, हळू बोला. जागा हाय त्यो. केस पांढरं झाल्यात त्येचं, पर अजून ऐकत बसलाय."