एका चटईखाली

बसमध्ये जागा नव्हती, म्हणून लेमेकीला दुकानवाल्या मासिनाच्या मांडीवर बसावं लागलं. सावाई बेटावर याचं कुणाला काही वाटत नाही. पण हा ऑकलंडमध्ये वाढलेला, एकोणतीस वर्षांचा बाप्या. लाजून पार अर्धा झाला.

"नीट टेकून बस रे," मासिना म्हणाली. "तुझ्याहून जड डुकरं मांडीवर घेऊन बाजाराला गेलेय मी. कुणाकडे चाललास?"

"फुआतिनोबाईंकडे. चर्चच्या पलीकडे निळं घर आहे म्हणे."

ड्रायव्हरने गाणं बंद केलं.

"तिच्याकडे काय काम काढलंस?" मासिनाने विचारलं.

लेमेकीने हातातली लांबट पिशवी आवळून धरली. आठ वर्षं तो हे बोलणं मनात घोटत होता, तरी ते तुटकच बाहेर पडलं. "त्यांचा मुलगा सिआकी माझ्या गाडीत गेला. मी प्यायलो होतो. तुरुंगातून सुटलो तोवर माझी आईही गेली. ही तिची चटई. माफी मागायला आलोय."

सगळे समोर रस्त्याकडे बघत राहिले. मासिनाने त्याला मांडीवरून ढकललं मात्र नाही.

"बरोबर कोण आहे?" तिने जरा वेळाने विचारलं.

"कोणी नाही."

"अरे देवा! माफीला अख्खं खानदान बसतं बाबा, घरातला कर्ता सगळ्यांत पुढे. एकट्याने डोक्यावर चटई घेतलीस तर लोकांना वाटेल, पोराला ऊन लागतंय!"

दोघंतिघं हसली आणि लगेच गप्प झाली. लेमेकीचे डोळे भरून आले.

"मला एवढंच माहीत आहे मावशी. दारासमोर बसायचं. त्यांनी चटई उचलली तर माफ केलं."

"आणि नाही उचलली तर?"

"मग हे असंच घेऊन जगायचं."

चर्च ओलांडून बस थांबली. पांढऱ्या केसांचा, थोराड ड्रायव्हर पहिल्यांदाच मागे वळला. "मी बसतो याच्याबरोबर."

"तुम्ही?" मासिना आणखी काहीतरी बोलणार होती, पण तिने ते गिळलं. "आणि आम्हाला घरी कोण पोचवणार?"

"चाला की जरा. वजनं उतरतील."

एरवी या बसमधली माणसं दोन पावलांसाठी भांडतात. आज कुणी कुरकुर केली नाही. अरवीच्या कंदांची पोती खांद्यावर घेऊन सगळी मुकाट्याने उतरली. एका आजीने जाताजाता लेमेकीच्या खिशात उकडलेलं केळं कोंबलं.

निळ्या घराला भिंती नव्हत्या, नुसते निळे खांब आणि झावळ्यांचे पडदे. दोघं अंगणातल्या खडीवर बसले तशी आतल्या बाईने एकदा पाहिलं आणि एकेक करून सगळे पडदे खाली सोडले.

"संपलं काका. त्यांना तोंडसुद्धा बघायचं नाही."

"बघितलंय तिने. चटई ओढ डोक्यावर."

चटई दोघांना जेमतेम पुरली. चटईखाली भट्टीसारखं तापलं होतं. म्हाताऱ्याला धाप लागत होती, ते ऐकून लेमेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, तुमचा यात काय संबंध? सावलीत जा तुम्ही."

"आपल्या माणसांशिवाय इथे कोणी बसत नाही. तू मनात माफी माग. मीही मागतो."

"तुम्ही कशाची?"

म्हाताऱ्याने चटईचा काठ लेमेकीकडे जरा ओढला. "प्रत्येकाची असते काहीतरी. कुणाला तरी जाऊ नको म्हणायचं राहून गेलेलं असतं."

मधेच मासिना येऊन चटईखाली शहाळं सरकवून गेली. "चूल पेटलेली नाही," ती कुजबुजली. "फुआतिनो रडतेय नुसती."

"काका, त्या नाहीच आल्या तर?"

"उद्या बसू."

"आणि उद्याही नाही आल्या?"

"परवा आहेच की. तुला काय, ऑफिसला उशीर होतोय?"

दुपार कलली. केव्हातरी पडदा सळसळला. खडीवर पावलं वाजली आणि अगदी जवळ येऊन थांबली. चटईच्या काठाखालून लेमेकीला दोन अनवाणी, भेगाळलेले पाय दिसले आणि त्याचा बांध फुटला. कोर्टात रडला नव्हता, आईच्या मातीला जाता आलं नाही तेव्हा रडला नव्हता, तो आता लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.

चटई उचलली गेली.

फुआतिनो त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांत त्याचा चेहरा धरून कितीतरी वेळ बघत राहिली.

"तू तरी केवढासा होतास रे तेव्हा," ती म्हणाली. "ऊठ. आत चल. पोटात काही नसेल तुझ्या."

लेमेकी उठला, पण पाय बधिर झाले होते. तो धडपडला, तिने सावरलं. ड्रायव्हर अजून मान खाली घालून तसाच बसला होता. फुआतिनोने चटईची घडी घातली, ती काखेत मारली आणि त्याच्यापुढे हात केला.

"तुम्हीही उठा आता, सिआकीचे बाबा. आपल्याच दारात किती वेळ बसणार?"