निळ्या रेघांचे उंदीर

"हेही गेले तर प्रोजेक्टला टाळं," रश्मी मॅडम पिंजऱ्याकडे बघत म्हणाल्या. "उद्या साहेबांसमोर शेपट्या कापायच्या. रक्त थांबलं, तर जिंकलो."

उत्तम परळच्या त्या लॅबमध्ये उंदीर सांभाळायचा. मॅडमचे हे उंदीर जन्मापासूनच असे, की त्यांचं रक्त गोठतच नाही. विषाणू न वापरता, चरबीच्या बारीक कणांत गुंडाळलेला चांगला जीन मॅडम त्यांच्या लिव्हरपर्यंत पोचवत होत्या. शेपटीच्या शिरेत एक सुई, बस. पण पहिल्या खेपेचे सगळे रक्त वाहून मेले, आणि तेव्हापासून साहेबांचं तोंड वाकडं.

उत्तमच्या धाकट्या भावाचं, धम्मपालचं, दुखणं नेमकं हेच. लालबागच्या खोलीत तो भोपळ्याएवढा गुडघा घेऊन पडलेला. "दादा, तुझे उंदीर काय म्हणतात?" रोज हेच विचारायचा. काय सांगणार त्याला, कप्पाळ? मॅडम म्हणाल्या होत्या, हे जमलं की पुढे माणसांवर, आणि पहिलं नाव तुझ्या भावाचं सुचवीन. त्या एका शब्दावर घर जगत होतं.

"मॅडम, ह्या टायमाला होईल ना?"

"आज काही विचारू नकोस रे," मॅडम हसल्या. "नजर लागते."

त्या गेल्या आणि उत्तमला राहवेना. शेजारच्या पिंजऱ्यात तसेच काळे, पण धडधाकट उंदीर होते. त्यातले सहा त्याने काढले, मार्करने त्यांच्या शेपट्यांवर मॅडमच्या उंदरांना खूण म्हणून होत्या तशाच हुबेहूब निळ्या रेघा ओढल्या आणि मॅडमच्या पिंजऱ्यात सोडले. मॅडमचे सहा त्याने एकेक करून मान मोडून मारले. शेवटचा त्याच्या मुठीत निवांत दाणा कुरतडत होता. वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण भाऊ तो भाऊ. सकाळी मेलेल्या उंदरांची पिशवी लॅबच्या भट्टीत गेली.

शेपट्या कापल्या. रक्त थांबलं. साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या. उत्तम पेढे घेऊनच घरी गेला. धम्मपाल कित्येक महिन्यांनी पोटभर हसला, आणि आईने डोळ्यांना पदर लावला.

आठवड्याने मॅडम आल्या त्या डोळे सुजवून.

"संपलं रे सगळं, उत्तम. लिव्हर तपासली. एकातही आपला जीन नाही. साहेब म्हणतात, साधे उंदीर दाखवून मी फसवलं. प्रोजेक्ट कायमचा बंद, आणि मलाही घरी बसवलंय."

"मॅडम, परत एकदा करून बघू ना..."

"मला आता उंदीर कोण देणार? चोर म्हणतात मला." त्यांना हुंदका आवरेना. "तुझी शप्पथ, मी खोटी नाही रे. शेपट्या कापायच्या आदल्या दिवशी तू जेवायला गेलास, तेव्हा मी सहाही जणांचा थेंब-थेंब काढून बघितला होता. सहाच्या सहा जणांचं रक्त गोठत होतं."