लेकुरवाळी हवी

"मुलं किती?" अहल्याक्कांनी विचारलं.

बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं सत्यवतीनं येलहंक्यापासून गाडीत बसून पाठ केली होती. शिक्षण किती, गाणी कुठली येतात, सोवळंओवळं फार आहे का. या एका प्रश्नाचं उत्तर तेवढं पाठ केलं नव्हतं, आणि तेच चटकन तोंडातून गेलं.

"एक. मुलगा. जयतीर्थ."

"केवढा आहे?"

"चार पुरी होतील आता. पण जेवण बघाल तर अजून तान्ह्या पोराएवढं."

ती हसलीसुद्धा. जयतीर्थ दीड वर्षाचा असताना तापानं गेला होता. पुढचं वय त्याचं तीच वाढवत होती. आता त्याला दोन श्लोक येत होते, आणि वांग्याची भाजी तो पानात बाजूला सारायला शिकला होता.

"सरी, बरं झालं," अक्का म्हणाल्या आणि खुर्चीत सैल होऊन बसल्या. त्यांच्या पाठीमागे भिंतीवर नव्या म्हैसूर राज्याचा नकाशा होता, त्याच्यावरच्या घडीच्या खुणासुद्धा अजून गेल्या नव्हत्या. बसवनगुडीतल्या या शिशुविहाराला लहान मुलं सांभाळायला बाई हवी होती, आणि मुलांच्या आयांची अट एकच होती : बाई लेकुरवाळी हवी. जिचं मूल गेलंय तिला बारशाच्या पाळण्याला हात लावू देत नाहीत, मग तिच्या हाती आपलं पोर दिवसभर कोण देणार? शिशुशिक्षणाचा कोर्स करून मद्रासहून आलेली एक बिनलग्नाची मुलगी परवाच परत गेली होती. शिशुविहार चालवणाऱ्या अक्कांना हा सगळा खुळेपणा वाटायचा. पण मुलं आयांची आणि शाळा मुलांवर चालणारी, म्हणून त्या गप्प बसायच्या.

"आता स्वल्प तुमचं काम बघू. त्या गुंडोला झोपवा."

तीन वर्षांचा गुंडो रोज दुपारी घर डोक्यावर घ्यायचा. त्याच्या पायी आधीची बाई काम सोडून गेली होती. सत्यवती त्याच्या चटईशेजारी आडवी झाली आणि पाठीवर थोपटू लागली. तिनं गाणंही म्हटलं नाही की दटावलंही नाही. थोड्या वेळानं गुंडो तोंड उघडं टाकून घोरू लागला, आणि त्याच्या पाठोपाठ सगळी खोली झोपली. दारात उभ्या असलेल्या अक्कांनी मनातल्या मनात नेमणूक करूनही टाकली.

मग सत्यवती उठली. कडेच्या मुलाजवळ बसून तिनं त्याच्या नाकाशी बोट धरलं. थांबली. शेजारच्या मुलाच्या नाकाशी धरलं. अशी ती एकेका चटईपाशी सरकत चालली. चंपा नावाच्या पोरीला नीट झोप लागली नव्हती. तिनं डोळे उघडले आणि हजेरी चाललीय असं समजून ती कुजबुजली, "मी आहे, बाई."

सत्यवतीनं मान डोलावली आणि ती पुढच्या मुलाकडे वळली. गुंडोपाशी ती फार वेळ बसली.

झोपलेल्या मुलाकडे असं कोण बघतं, ते अक्कांना ठाऊक होतं. त्यांनी तिला खुणेनं बाहेर पडवीत बोलावलं. तोंडातलं 'तुम्ही' कधी गळून पडलं ते त्यांनाही कळलं नाही.

"कधी गेला गं?"

सत्यवतीनं अक्कांचा हात धरला.

"मला ठेवून घ्या, अक्का. झाडलोट करीन, दुपटी धुईन. हात लावू नको म्हणालात तर कुणाला हात लावणार नाही. पण मुलांत राहू द्या. घरी फार शांत असतं हो."

अक्कांना तिचा राग यायला हवा होता. ती धडधडीत खोटं बोलली होती, आणि तेही अशा बाबतीत. पण राग काही येईना, नुसतं भडभडून आलं. तेवढ्यात फाटक वाजलं आणि गुंडोची आई भाग्यलक्ष्मी आत आली. सगळ्या आयांच्या वतीनं भांडायचं काम तिच्याकडे असे.

"आवाज नाही तो काय? आमचा गुंडो झोपला?" तिनं सत्यवतीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "नव्या बाई वाटतं. लेकुरवाळ्या आहेत ना, अक्का?"

अहल्याक्कांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यामुळे बोलल्या तेव्हा गरजेपेक्षा जास्तच बोलून गेल्या.

"आहेत तर! मुलगा आहे त्यांना, जयतीर्थ. बरोबरच आणलाय. आत झोपलाय बघ, पार भिंतीकडेला."

"मग काही काळजी नाही," भाग्यलक्ष्मी म्हणाली. ती पडवीच्या कट्ट्यावर टेकली आणि पदरानं वारा घेऊ लागली.

अक्कांना हायसं वाटलं. असं एक खोटं देव पोटात घालील, असं त्यांनी स्वतःला समजावलं आणि त्या सत्यवतीकडे वळल्या.

"झालं तुझं काम. उद्यापासून ये," त्या मोकळ्या आवाजात म्हणाल्या.

सत्यवतीचं लक्ष नव्हतं. तिचा चेहरा उजळला होता, आणि ती दारातून आत, भिंतीकडेला बघत होती.

"हळू बोला, अक्का," ती म्हणाली. "उठेल तो."